तुझ्या नावाने बिनविरोध

मनोहर, तुझ्या शोकसभेत भांडण झालं. खुर्च्या उचलण्यापर्यंत गेलं नाही, पण आवाज चढले, चार लोक तरातरा उठून गेले आणि चहाला कोणी थांबलं नाही. आमच्या घरच्या शोभानं मोठं पातेलं भरून चहा केला होता. तो तिनं बडबडत गोठ्यामागं ओतून दिला. तू असतास तर मांडीवर थाप मारून म्हणाला असतास, "आता कुठं गाव जागं झालं, बाब्या." पण तू नव्हतास म्हणून तर सभा होती.

तुझी तेरवी आटोपल्यावर विद्यावहिनी म्हणाल्या, तुझे विद्यार्थी तुझ्यावर अंक काढताहेत, त्यात गावाकडच्या मित्राचंही काही पाहिजे. मी म्हटलं, वहिनी, तिथं मोठमोठे प्राध्यापक लिहिणार, मी सोयाबीन-कपाशीचा माणूस, मी काय दिवे लावणार? त्या म्हणाल्या, "तुमचं त्यांच्याशी बोलायचं राहिलं असेल तेवढं लिहा." आणि त्या बाईंना नाही म्हणायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती. लिहायला बसलं की भाषा शाळेतली येते, त्याला इलाज नाही. तू वाचताना मनातल्या मनात आपल्या बोलीत करून घे.

आपण एकाच सायकलवर दारव्ह्याला शाळेत जात होतो. चढ आला की पायडल मी मारायचो, उतार आला की तू. आणि वर म्हणायचास, काम कसं सारखं वाटून घेतलं बघ. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं, हे पोरगं राज्यशास्त्रात जाणार! मी वावरात राहिलो, तू शिकत शिकत दिल्लीला गेलास, तिथून परदेशात, पुन्हा दिल्लीत. लोक विचारत, मनोहर काय करते तिकडं? मी सांगायचो, लोकशाही शिकवते. तर आमचा रामभाऊ म्हणायचा, "लोकशाही कायले शिकवा लागते? बटन दाबलं की झाली."

तुझा धंदा मला कळला तो दारव्ह्याच्या बाजारात. दिवाळीला आला होतास. बाजारच्या दिवशी कोणा पुढाऱ्याची सभा होती, तर हा गडी भाजीची पिशवी घेऊन उन्हात उभा. मी तुझा हात ओढून राहिलो, चल लेका, जीप भरून राह्यली. तू हलेनास. मग म्हणालास, "पाह्य, तो सारखा म्हणते, लोक म्हणतात, लोकाहीले पाह्यजे. कोणते लोक ते सांगत नाही." मी म्हटलं, "सारेच टाळ्या वाजवून राह्यले न." तू म्हणालास, "जे नाही वाजवून राह्यले, त्याहीले तो लोकांतून काढून टाकते. माह्या साऱ्या पुस्तकात एवढंच हाय, बाब्या." जीप गेली. आपण पिशवी घेऊन दुसऱ्या जीपची वाट पाहत बसलो आणि तू मला उसाचा रस पाजलास.

मला तेव्हा ते पटलंही होतं. पुढाऱ्याबद्दल होतं तोवर पटलं. तू निवृत्त होऊन गावात आलास, नाल्याकाठच्या वावरात दोन खोल्या बांधल्यास, आणि तेच बोट माझ्याकडं वळवलंस तेव्हा मात्र माझं डोकं तापलं.

आपलं गाव बिनविरोध. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की मारुतीच्या सभामंडपात बैठक बसते, नावं ठरतात, मग मी नारळ हातात घेऊन उभा राहतो आणि विचारतो, "कोणाचं काही म्हणणं हाय का?" कोणी बोलत नाही. नारळ फुटतो. एकदा तो फुटला की तहसीलला दुसरा अर्ज जात नाही, गेला तर त्या घराशी गाव बोलत नाही. हे मी चालू केलं, मी चालवलं, आणि मला त्याचा अभिमान होता. तू आल्यानंतरच्या पहिल्याच बैठकीला मागं खांबाला टेकून बसलास. घरी जाताना म्हणालास, "तू विचारतं तवा नारळ वर धरून राह्यतं. त्याच्याखाली डोकं कोण घालीन, बाप्पा?"

मी चिडलो. फार चिडलो. दिल्लीहून येऊन गावाला अक्कल शिकवू नको म्हणालो. तुला माझ्या मावशीचं सांगितलं, आठवतं? मावशीचं गाव ढाणकीकडं. तिथल्या निवडणुकीत तिचा नवरा आणि सख्खा दीर समोरासमोर उभे राहिले. एकाच भिंतीला दोन घरं. पुढं मावशी गेली तेव्हा दीर दार लावून आत बसला. तिरडी त्याच्या दारावरून गेली. खांदा देणाऱ्यांत मी होतो, आणि आतला रेडिओ मला ऐकू येत होता. त्या दिवशी ठरवलं, आपल्या गावात हे होऊ द्यायचं नाही, मग त्यासाठी दहा जणांना गप्प बसवावं लागलं तरी चालेल. यात माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तू चहाच्या आधीच हजर. म्हणालास, "ते भांडण निवडणुकीनं लावलं नाही. होतंच. निवडणुकीनं दाखवलं." मी म्हटलं, "नसतं दाखवलं तर मावशीले दिराचा खांदा तरी भेटला असता न!" यावर तू बशीत चहा फिरवत बसलास. मग म्हणालास, "उद्या सांगतो." हे तुझं नेहमीचं. कोंडीत सापडलास की उद्या. मोठमोठ्या परिषदांमध्येही असंच म्हणायचास का रे? वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, घरातही असंच.

असं किती दिवस भांडलो आपण. तू पेपर घेऊन यायचास, मी चष्मा शोधायचो. शोभा म्हणायची, तुम्हा दोघांच्या तोंडाला कुलूप लावलं तर गावातले कुत्रे तरी झोपतील. मला तुझी अर्धी पुस्तकं वाचता येत नव्हती, ती इंग्रजीतली, आणि अर्धी मराठीतली वाचली तरी समजत नव्हती. पण तू ओट्यावर बसून बोलायचास ते समजत होतं. साठी ओलांडलेल्या माणसाला कोणीतरी रोज खोडून काढतं, त्याचं म्हणणं इतकं मनावर घेतं की रात्रभर उत्तर शोधतं, हे किती जणांच्या नशिबी येतं? गावात मला सगळे मान देतात. तू वाद दिलास. आता मान उरलाय, तो घेऊन काय करू?

सुनीताचं प्रकरण या वर्षीचं. सुनीता म्हणजे नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरची सून, दारव्ह्याच्या कॉलेजात बी. ए. झालेली, बायांचा बचत गट चालवते. तुझ्याकडं जुने पेपर न्यायला यायची. तू तिच्याशी तुझ्या मोडक्यातोडक्या गोरबोलीत बोलायचास आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. तांडा आपल्याच ग्रामपंचायतीत, पण बैठकीला तिकडून त्यांचा नाईक एकटा येतो, मान हलवतो आणि पानसुपारी घेऊन जातो. यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि सुनीतानं तुला विचारलं, "सर, मी उभी राहू का?" तू म्हणालास, "राहा म्हणून मी म्हणणार नाही. पण राहायचं असलं तर कोणाची परवानगी लागत नाही."

ही बातमी माझ्यापर्यंत यायला कितीसा वेळ लागणार? इकडं माझ्या पुतण्यानं, गजाननानं, बायकोचं नाव पक्कं करून ठेवलं होतं. मंदा सरपंच होणार, कारभार गजानन पाहणार, सगळ्यांना ठाऊक. मी होकार देऊन बसलेलो. संध्याकाळी तू ओट्यावर आलास तसा मी सुरूच झालो. तांड्यातल्या पोरीच्या डोक्यात कायले भरवून राह्यला? गावात आग लावतं काय?

तू ओरडला नाहीस. आपल्या बोटाकडं पाहत बसलास. म्हणालास, "बाब्या, जन्मभर पोराहीले मतदान शिकवलं. नोकरीपायी नाव दुसऱ्याच शहराच्या यादीत. इथं आलो, हौसेनं नाव लावलं, तर तू गाव बिनविरोध केलं. आपल्या गावच्या पंचायतीसाठी ह्या बोटाले एकदाही शाई लागली नाही." तू पुढं म्हणालास, "या खेपेले नारळ खाली ठेवून विचारशीन?"

"अन् भांडण लागलं तर?"

तू उठलास, पायांनी चपला चाचपल्यास. "उद्या सांगतो."

सकाळी तुझ्याकडचा माणूस पळत आला. माझा राग अजून उतरला नव्हता, रे. रागातच धावत आलो. तू अंगणात आरामखुर्चीत होतास, पेपर मांडीवर, आणि वहिनी तुझ्या गालाला हात लावून तुला हाका मारत होत्या. मी तुझे पाय धरले, ते गार होते. मला वाटलं, हा आता उठेल आणि म्हणेल, कसं फसवलं. माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? "उत्तर देऊन जा न बे." वहिनींनी माझ्याकडं पाहिलं आणि आम्ही दोघं एकदम रडायला लागलो.

तर शोकसभा. सभामंडपात टेबल, टेबलावर तुझा फोटो, परदेशातला, टाय लावलेला. दोन मिनिटं उभे राहिलो. भाषणं झाली. तू किती मोठा होतास हे अशा लोकांनी सांगितलं जे तू दिसलास की रस्ता बदलायचे. मग गजानन उठला. "सरांनी लोकशाहीवर येवढी पुस्तकं लिहिली. त्यांच्या आत्म्याले शांती भेटावी म्हणून यंदाही गाव बिनविरोध करू. सरांच्या नावानं बिनविरोध. हीच खरी श्रद्धांजली!"

टाळ्या पडल्या, मनोहर. टाळ्या! मी वहिनींकडं पाहिलं. त्यांनी पदर तोंडात धरला होता. लोकांना वाटलं, रडताहेत. मी ओळखतो त्यांना, त्यांना हसू आवरत नव्हतं. मग मात्र खरंच रडल्या. आणि गजाननच्या मनात कपट होतं असं समजू नको. त्याला खरंच वाटत होतं, याहून मोठा मान नाही. गावाजवळ द्यायला जे सर्वांत चांगलं होतं, ते गाव तुला देत होतं.

तेवढ्यात कोणीतरी सवयीनं माझ्या हातात नारळ आणून दिला. शोकसभेत नारळ! मी उभा राहिलो. समोर तुझा फोटो. तोंडून नेहमीचं वाक्य निघणार, तर नारळ हातात धरवेना. मी तो टेबलावर ठेवून दिला. तुझं ऐकलं असं समजू नको. धरवेना म्हणून ठेवला. आणि रिकाम्या हातांनी विचारलं, "कोणाचं काही म्हणणं हाय का?"

नेहमी इथं नारळ फुटतो, त्यामुळं पुढं काय करायचं असतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग मागून, बायांच्या बाजूनं आवाज आला. "मले म्हणायचं हाय." सुनीता उभी होती. "मले सरपंच व्हायचं हाय. तांड्यावर नळाले पाणी येत नाही, ते तर हायच. पण मले व्हायचं हाय म्हणून मी उभी राहून राह्यली."

कोणीतरी ओरडलं, "सरांच्या फोटोसमोर असं बोलतं? लाज वाटत नाही?"

ती म्हणाली, "सरांच्या समोरच तर बोलता येत होतं."

मग जे व्हायचं ते झालं. तांड्याचा नाईक तिच्यावर खेकसला, गजानन मला म्हणाला, "मोठे बाबा, फोडा नारळ." मी म्हटलं, फोडत नाही. तो माझ्याकडं असा पाहत राहिला, जणू मी कोणी परका आहे. आणि निघून गेला. बाकीचं तुला सांगितलंच, चहा गोठ्यामागं गेला.

त्यानंतर गजानन ओट्यासमोरून जातो तो मान वळवून. ह्या पोराला मी खांद्यावर बसवून कळंबच्या चिंतामणी गणपतीला नेलं आहे. एक दिवस सुनीता दारात येऊन उभी राहिली. अर्जावर सूचकाची सही लागते, तांड्यावर कोणी करायला धजेना, नवऱ्यालाही त्याच्या भावांनी दम दिला. "काका, तुमी करता का?" मी उद्या सांगतो म्हणालो. बघ, तुझी सवय लागली मला. रात्रभर त्या मावशीच्या दिराचा रेडिओ माझ्या कानात वाजत होता. मी मेलो तर गजानन खांद्याला येईल का, की दार लावून बसेल? हा प्रश्न मी कोणाला विचारू? ज्याला विचारायचा तो उद्या सांगतो म्हणून गेला. सांग न लेका. भांडण लागलं तर काय करायचं, सांग न.

सकाळी मंदा आली. एकटीच. माझ्या पुतण्याची बायको आजवर माझ्यासमोर मान वर करून बोललेली नाही. ती सरळ ओट्यावर बसली.

"मोठे बाबा, तिच्या अर्जावर सही करता म्हणते तुमी?"

"अजून केली नाही."

"करा. माह्यं नाव ठरलं तवा मी पोया लाटून राह्यलती. हे येऊन म्हणे, तू सरपंच झाली. मले कोणी विचारलं होतं? आता मी सोताहून उभी हावो. घरोघर जाते म्हटलं ह्यायले, तर तोंड पाहत राह्यले." मग पदर खोचून म्हणाली, "येऊ द्या तिले. पाडते मी तिले!"

आणि शोभाकडून वाटीभर विरजण मागून घेऊन गेली. मी तिथंच बसून राहिलो. तुझ्या पुस्तकांत हे कुठं लिहिलं आहे का, मला ठाऊक नाही. नसेल तर आता लिहायला तू नाहीस. एवढं हसू आलं होतं मला, आणि वळून बघतो तर शेजारी कोणी नाही. तुझं जाणं मला त्या क्षणी कळलं. पाय धरले तेव्हा कळलं नव्हतं.

सुनीतासोबत दारव्ह्याला गेलो. तहसीलमध्ये गर्दी, पंखा बंद, बाबूनं वरून खालून पाहत विचारलं, "बाबारावभाऊ, तुमच्या गावाचे दोन अर्ज?" मी म्हटलं, हो, दोन. सही केली. बाहेर आल्यावर मात्र पायरीवर बसलो थोडा वेळ. गजानन अजून बोलत नाही. बोलेल की नाही, मला सांगता येत नाही, आणि याचा त्रास होतो. तो त्रास खोटा होता असं तू कधी म्हणू नको.

परत येताना जीपमध्ये सुनीता माझ्या शेजारी दाटून बसली होती. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, बाया वेचणीला लागलेल्या. गावाजवळ आल्यावर ती हळूच म्हणाली, "काका, सही तर केली. मत मले द्याल न?"

"ते सांगाचं नसते," मी म्हटलं.

मंदानं विचारलं तेव्हा तिलाही हेच म्हणालो, शोभालाही. कोणाला द्यायचं ते माझं ठरलं आहे, मनोहर. गावात कोणालाच कळणार नाही. तुला सांगितलं असतं.